बुडबुड्यांचा आलेख : दुकानातील पैसा कोठे अडकला आहे ते दाखवणारे चित्र

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, रात्री दुकान वाढवल्यावर हिशेब मांडताना आपल्यापैकी अनेकांना एक प्रश्न पडतो. विक्री चालू आहे, तोटाही नाही, मग नवा माल भरायची वेळ आली की हातात रोकड का नसते?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्या वहीतच असते. पण आकडे रकान्यांत उभे असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. एका वहीत खरेदी, दुसऱ्या वहीत विक्री आणि माल फळीवर. हे तीन आकडे एकाच कागदावर एकत्र दाखवण्याची एक सोपी रीत आहे. तिला बबल चार्ट, म्हणजे बुडबुड्यांचा आलेख म्हणतात. आजच्या पाठात तो समजून घेऊ आणि हाताने काढायला शिकू. आलेख कागद, कर्कटक, पट्टी आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरे.

व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या माणसाला तर या पाठाची अधिक गरज आहे. ज्याला व्याजी कर्ज घ्यायचे नाही, त्याच्यासाठी भांडवलाचा सर्वांत जवळचा झरा त्याच्याच दुकानात असतो. तो म्हणजे न खपणाऱ्या मालात अडकून पडलेला पैसा.

हा आलेख म्हणजे काय?

शाळेत आपण काढलेल्या आलेखात दोन अक्ष असत, एक आडवा आणि एक उभा. प्रत्येक बिंदू दोन आकडे सांगत असे. आता त्या बिंदूच्या जागी एक वर्तुळ काढा आणि वर्तुळाच्या लहानमोठेपणावरून तिसरा आकडा दाखवा. झाला बुडबुड्यांचा आलेख. आडवी जागा पहिला आकडा, उभी जागा दुसरा आणि वर्तुळाचा आकार तिसरा.

ही रीत आजची नाही. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर याने १८०१ साली युरोपातील देशांचे क्षेत्रफळ वर्तुळांनी आणि लोकसंख्या व महसूल शेजारच्या उभ्या रेषांनी दाखवला होता. अलीकडे स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी ती जगभर पोहोचवली. हे रोसलिंग १९७२ साली काही काळ बंगलोरला वैद्यकाचे शिक्षण घेत होते. २००६ साली अमेरिकेतील एका व्याख्यानात त्यांनी जगातील देश वर्तुळांच्या रूपात पडद्यावर हलते दाखवले. देश जितक्या लोकसंख्येचा, तितके त्याचे वर्तुळ मोठे.

आधी खरे आकडे घेऊन हात बसवू

कळंबचा दुकानदार माल आणायला किंवा विकायला यवतमाळ, वर्धा आणि नागपूर या तीन दिशांना पाहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाल्यापासून वर्ध्याची वाट आणखी सोपी झाली. आपल्याला आणि आपल्या गिऱ्हाइकालाही. तेव्हा सरावासाठी हेच तीन जिल्हे घेऊ. आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत.

यवतमाळ : दर चौरस किलोमीटरला २०४ माणसे, साक्षरता सुमारे ८३ टक्के, लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार.
वर्धा : दर चौरस किलोमीटरला २०६ माणसे, साक्षरता सुमारे ८७ टक्के, लोकसंख्या सुमारे १३ लाख १ हजार.
नागपूर : दर चौरस किलोमीटरला ४७० माणसे, साक्षरता सुमारे ८८ टक्के, लोकसंख्या सुमारे ४६ लाख ५४ हजार.

आडव्या अक्षावर दाटी, उभ्या अक्षावर साक्षरता आणि वर्तुळाने लोकसंख्या दाखवू. नागपूर एकटे उजवीकडे दूर जाते. यवतमाळ आणि वर्धा दाटीच्या बाबतीत जवळजवळ एकाच उभ्या रेषेवर येतात, वर्धा थोडे वर, यवतमाळ थोडे खाली. परंतु यवतमाळचे वर्तुळ वर्ध्याहून बरेच मोठे. म्हणजे वस्ती सारखीच विरळ, पण यवतमाळ जिल्ह्याचा पसारा आणि माणसे दुपटीहून जास्त. तक्त्यात ही गोष्ट शोधावी लागते, चित्रात ती आपोआप दिसते.

आता खरा प्रश्न येतो. वर्ध्याचे वर्तुळ १० मिलिमीटर त्रिज्येचे काढले, तर नागपूरचे किती मोठे काढायचे? लोकसंख्या सुमारे साडेतीन पट आहे, म्हणून त्रिज्याही साडेतीन पट, म्हणजे ३५ मिलिमीटर घ्यावी असे मनात येईल. येथेच बहुतेकजण चुकतात.

वर्तुळाचे माप म्हणजे क्षेत्रफळ

डोळा वर्तुळाची रुंदी पाहत नाही, त्याने व्यापलेली जागा पाहतो. शेताचेच घ्या. चौकोनी शेताची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर शेत चौपट होते. वर्तुळाचेही तसेच आहे. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट, तिप्पट केली की नऊपट. म्हणून त्रिज्या काढताना आकड्याचे वर्गमूळ घ्यावे लागते. रीत अशी :

१. सर्वांत लहान आकडा एक घटक माना आणि त्याची त्रिज्या ठरवा.
२. दुसरा आकडा त्याच्या किती पट आहे ते काढा.
३. त्या पटीचे वर्गमूळ घ्या. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये वर्गमुळाचे चिन्ह असते.
४. पहिल्या त्रिज्येला त्या वर्गमुळाने गुणा.

नागपूर वर्ध्याच्या ३.५८ पट, वर्गमूळ १.८९, त्रिज्या सुमारे १९ मिलिमीटर. यवतमाळ २.१३ पट, वर्गमूळ १.४६, त्रिज्या सुमारे साडेचौदा मिलिमीटर. ३५ मिलिमीटरचे वर्तुळ काढले असते, तर नागपूर वर्ध्याच्या बारा पटींहून मोठे दिसले असते.

बंधूंनो, कुरआनच्या ८३ व्या सूरहचे नावच मापात खोट करणाऱ्यांवरून पडले आहे. तराजू आणि गजाची काळजी आपण घेतो. आलेखातील वर्तुळ हेही एक मापच आहे. वर्तमानपत्रांत आणि जाहिरातींत अशी फुगवलेली वर्तुळे दिसतात, तेव्हा आता पट्टी लावून पाहा. स्वतःच्या दुकानाचा आलेख चुकीचा काढला तर फसणारा पहिला माणूस आपणच असतो.

मोजमापाची ही विद्या आपल्याला परकीही नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्यात वारसाची वाटणी, व्यापार आणि जमिनीची मोजणी हेच विषय होते. म्हणजे हे गणित व्यवहाराच्याच कामाचे होते.

आता दुकानाचा आलेख

समजा कळंबमध्ये एक हार्डवेअरचे दुकान आहे. पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. आपण आपले घालावेत. प्रत्येक प्रकारच्या मालासाठी तीन गोष्टी लागतात.

पहिली, अडकलेले भांडवल. म्हणजे फळीवर सरासरी किती रुपयांचा माल पडून असतो. किंमत खरेदीची धरावी.

दुसरी, मालाचे फेरे. वर्षभरात विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीला सरासरी साठ्याने भागले की फेरे मिळतात. ४० हजारांचा साठा असताना वर्षात ९ लाख ६० हजारांचे सिमेंट विकले गेले, तर २४ फेरे झाले.

तिसरी, शेकडा ढोबळ नफा. शंभर रुपयांच्या खरेदीवर भाडे, वीज, नोकराचा पगार वजा करण्यापूर्वी किती सुटले.

सिमेंट : साठा ४०,०००, फेरे २४, नफा शेकडा ४.
पाइप व फिटिंग : साठा ९०,०००, फेरे ५, नफा शेकडा १८.
रंग : साठा १,६०,०००, फेरे २, नफा शेकडा १५.
खिळे, स्क्रू, कडीकोयंडे : साठा २२,५००, फेरे ६, नफा शेकडा ३०.
विळे, खुरपी, कुदळी : साठा १०,०००, फेरे ४, नफा शेकडा २५.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर फेरे घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे २ फेरे. उभ्या अक्षावर शेकडा नफा घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे अडीच टक्के. वर्तुळासाठी १०,००० रुपयांना अडीच मिलिमीटर त्रिज्या ठरवा. वर्गमूळ काढून पुढील त्रिज्या येतात : अवजारे २.५, खिळे-स्क्रू ३.७५, सिमेंट ५, पाइप ७.५ आणि रंग १० मिलिमीटर.

आधी बिंदू मांडा, त्यावर कर्कटकाचे टोक ठेवून वर्तुळ फिरवा आणि शेजारी मालाचे नाव लिहा. वर्तुळे गडद रंगवू नका. एकावर एक आली तर खालचे लपते. म्हणून फिकट पेन्सिल फिरवावी किंवा नुसती रेषा ठेवावी. कोपऱ्यात एक छोटे वर्तुळ काढून ‘एवढे म्हणजे १०,००० रुपये’ असे लिहायला विसरू नका. ते नसेल तर वाचणाऱ्याला मापच कळणार नाही.

चित्र कसे वाचावे?

उजवीकडे असलेला माल पटपट फिरतो. वर असलेला माल जास्त सोडतो. मोठे वर्तुळ म्हणजे जास्त पैसा गुंतलेला.

आपल्या चित्रात सिमेंट अगदी उजवीकडे, पण तळाशी आहे. नफा थोडा, पण पैसा वर्षात चोवीस वेळा फिरून येतो. खिळे-स्क्रू वर आहेत आणि वर्तुळ लहान आहे. पाइप मध्यम. आणि डावीकडे, अक्षाला टेकून, सर्वांत मोठे वर्तुळ बसले आहे ते रंगाचे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साठा, फेरे आणि शेकडा नफा यांचा गुणाकार केला की त्या मालाचा वर्षाचा ढोबळ नफा निघतो. सिमेंट ३८,४००, पाइप ८१,०००, रंग ४८,०००, खिळे-स्क्रू ४०,५००, अवजारे १०,०००. एकूण २,१७,९०० रुपये. एकूण साठा ३,२२,५०० रुपयांचा, त्यातला जवळजवळ निम्मा पैसा रंगाच्या डब्यांत. पण नफ्यात रंगाचा वाटा शेकडा २२ एवढाच. गुंतलेल्या प्रत्येक रुपयामागे खिळे-स्क्रू वर्षाला १ रुपया ८० पैसे देतात, सिमेंट ९६ पैसे, पाइप ९० पैसे आणि रंग फक्त ३० पैसे.

रंगाचे बिल मोठे असते, डबे फळीवर शोभून दिसतात, त्यामुळे तोच आपला मुख्य धंदा आहे असे मालकाला वाटत असते. आलेख त्याला सांगतो की रोकड तेथे झोपली आहे.

मग काय करावे?

घाईने रंग बंद करून सगळा पैसा खिळ्यांत घालणे हे उत्तर नव्हे. खिळ्यांचा साठा दुप्पट केल्याने गावात खिळ्यांची गरज दुप्पट होत नाही. साठा वाढला आणि विक्री तीच राहिली तर फेरे अर्धे होतील आणि ते वर्तुळ फुगून डावीकडे येईल. शिवाय रंग घ्यायला आलेले गिऱ्हाईक ब्रश, पॉलिश पेपर आणि कडीही घेऊन जाते, हे आलेखात दिसत नाही.

खरा उपाय वर्तुळ लहान करणे हा आहे. रंगाची वर्षाची विक्री खरेदी किमतीने ३,२०,००० रुपयांची आहे. ईद, दिवाळी आणि लग्नसराई यांच्याआधी माल वाढवावा, एरवी कमी ठेवावा. वर्षभर हात न लागलेल्या शेड थोड्या सवलतीने काढून टाकाव्यात. अशा रीतीने सरासरी साठा १,६०,००० वरून ९०,००० वर आला आणि विक्री तेवढीच राहिली, तर फेरे दोनाचे साडेतीन होतात. पुढच्या वर्षीच्या आलेखात रंगाचे वर्तुळ लहान होऊन उजवीकडे सरकलेले दिसेल आणि ७०,००० रुपये मोकळे होतील. हे बिनव्याजी भांडवल आहे. त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागले नाही.

कारागिरांसाठी

कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे तास. वेल्डिंगवाल्या भावाने आडव्या अक्षावर एका कामाला लागणारे तास घ्यावेत, उभ्या अक्षावर लोखंड, रॉड आणि वीज वजा जाता तासामागे सुटणारी मजुरी, आणि वर्तुळाने महिन्यात त्या कामावर गेलेले एकूण तास दाखवावेत. समजा अवजार दुरुस्तीला १ तास लागतो, तासाला १५० रुपये सुटतात आणि महिन्यात ३६ तास जातात. खिडकीच्या ग्रीलला ८ तास, तासाला ११० रुपये, महिन्यात ७२ तास. मोठ्या गेटला २० तास, तासाला ८० रुपये, महिन्यात १०० तास. गेटचे बिल सर्वांत मोठे म्हणून ते काम चांगले वाटते. आलेखात मात्र सर्वांत मोठे वर्तुळ सर्वांत खाली दिसेल. मग गेटचा दर ठरवताना काय मागायचे ते कळते. शिंपीकाम, गादी-रजईचे काम, मोटारसायकल दुरुस्ती, सर्वांना हीच रीत लागू आहे.

उधारीचा आलेख, आणि एक सावधगिरी

उधारीचेही असे चित्र काढता येते. आडव्या अक्षावर पैसे यायला लागणारे दिवस, उभ्या अक्षावर वर्षाची खरेदी, वर्तुळाने आजची बाकी. उधारी लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिलेले असेल तरच आलेख निघेल.

पण आपला भाग कापूस आणि सोयाबीनचा आहे. पेरणीच्या वेळी नेलेल्या मालाचे पैसे पीक घरात आल्यावर येतात. म्हणून पावसाळ्यातील आलेख पाहून कोणाला बुडव्या समजू नये. उशीर सवयीचा आहे की अडचणीचा, हे वर्तुळ सांगत नाही. माणसाला भेटून विचारावे लागते. अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत आहे. आलेखावर गिऱ्हाइकांची नावे लिहू नयेत, खात्याचा क्रमांक लिहावा आणि कागद गल्ल्याच्या आत ठेवावा. कोणाची बाकी चारचौघांत उघडी पडू नये.

आकडे कोठून आणावेत?

खरेदीचे आकडे बिलांच्या फाइलीत असतात. साठ्याचा आकडा जकात काढणाऱ्या दुकानदाराकडे असतोच, कारण तो वर्षातून एकदा माल मोजतो. मात्र जकातीसाठी मालाची चालू बाजारभावाने किंमत धरतात, आलेखासाठी खरेदीची. मोजणी एकदाच करा, रकाने दोन ठेवा. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून दोन वर्षांची तुलना करताना दोन्हीकडे एकच दिनदर्शिका वापरा. आणि एका दिवसाच्या साठ्यावर विसंबू नका. ईदच्या आधी मोजला तर माल फार दिसेल, नंतर मोजला तर थोडा. वर्षातून चार वेळा मोजून सरासरी काढावी.

आणखी चार सूचना

१. सर्वांत महत्त्वाचे दोन आकडे अक्षांवर ठेवा. वर्तुळांच्या आकारातला बारीक फरक डोळ्याला नीट कळत नाही. अक्षावरची जागा अधिक अचूक कळते. १९८४ साली क्लीव्हलंड आणि मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवले आहे.
२. वर्तुळाने नफा दाखवू नका. तोटा झाला तर उणे वर्तुळ काढता येत नाही. नफा-तोटा उभ्या अक्षावर घ्यावा. तोटा शून्याच्या खाली जातो.
३. पाच ते बारा वर्तुळे पुरेत. पन्नास काढली तर चित्राचा गुंता होतो. सारखा माल एकत्र करा.
४. दोनच आकडे असतील तर हा आलेख काढू नका. साधा स्तंभालेख पुरेसा आहे.

संगणकावर

घरातील मुलामुलींकडून एक्सेलमध्ये हेच काम पाच मिनिटांत होते. तीन रकाने या क्रमाने भरा : आडवा आकडा, उभा आकडा, वर्तुळाचा आकडा. फक्त आकडे निवडून ‘इन्सर्ट’मधून ‘बबल’ चार्ट घ्या. वर्गमूळ संगणक स्वतः काढतो. तरी वर्तुळांवर उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट डेटा सिरीज’ उघडा आणि आकार ‘एरिया’वर आहे ना ते पाहा. तेथे ‘विड्थ’ निवडले असेल तर रुंदीचीच चूक होते. पहिला आलेख मात्र हाताने काढावा, म्हणजे संगणकाची चूक ओळखता येते.

स्वाध्याय

एका चपलांच्या दुकानात २,५०,००० रुपयांचा साठा आहे, फेरे ३ आणि नफा शेकडा २०. वरचेच माप धरून (१) वर्तुळाची त्रिज्या किती? (२) वर्षाचा ढोबळ नफा किती? (३) विक्री तेवढीच ठेवून साठा १,५०,००० वर आणला तर फेरे किती होतील आणि किती पैसा मोकळा होईल?

उत्तरे : (१) १२.५ मिलिमीटर. (२) १,५०,००० रुपये. (३) ५ फेरे; १,००,००० रुपये.

उत्तरे जुळली असतील तर येत्या सुट्टीच्या दिवशी आपल्या दुकानातील पाच प्रकारचा माल मोजून पहिला आलेख काढा आणि त्यावर तारीख घाला. पुढच्या वर्षी त्याच मापाने दुसरा काढून दोन्ही शेजारी ठेवा. डावीकडचे मोठे वर्तुळ किती सरकले, एवढेच पाहा.